नाव बाबासाहेबांचे, हक्क कोणाचे?

११ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेब, माईसाहेब आणि नानकचंद रत्तू दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. तीन दिवसांनी दीक्षाभूमीवर धम्मक्रांती घडली. त्यामुळे नागपूरच्या विमानतळाशी आंबेडकरी समाजाचे नाते फलकावर नाव लागण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

देशाच्या मध्यभागी असणे हे या विमानतळाचे खरे भांडवल. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमाने रात्री येथे जमत, थैल्यांची अदलाबदल करून परत जात. याच भांडवलावर पुढे मिहान प्रकल्प बेतला गेला. २००२ मध्ये राज्याने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. २००५ मध्ये विमानतळाला बाबासाहेबांचे नाव मिळाले आणि १४ एप्रिल २००८ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. ज्या समाजाला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे रक्त सांडावे लागले, त्याला या नावाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

पण नावाच्या आनंदात दोन गोष्टी नजरेआड झाल्या. पहिली जमिनीची. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव परिसरातील शेती गेली. १८९४ चा भूसंपादन कायदा जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच ओळखत होता. त्या शेतात पिढ्यानपिढ्या राबणारा भूमिहीन मजूर त्याच्या हिशेबातच नव्हता. आणि विदर्भाच्या खेड्यातला भूमिहीन कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने अशा मजुराला 'बाधित कुटुंब' मानले खरे, पण तो लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. तोवर या गावांची शेते सपाट झाली होती.

दुसरी गोष्ट नोकऱ्यांची. २००९ पासून विमानतळ मिहान इंडिया या सरकारी भागीदारीतील कंपनीकडे होता. २०१९ मध्ये खाजगी कंपनीची निवड झाली, मार्च २०२० मध्ये राज्याने ती रद्द केली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सवलत करार झाला. या सगळ्या वादात निविदेची चर्चा झाली, आरक्षणाची झाली नाही. संविधानाच्या कलम १६(४) चे आरक्षण राज्याच्या सेवेत आहे, खाजगी कंपनीवर ते बंधनकारक नाही. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी सरकारी नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा मिळवल्या. त्यांच्याच नावाच्या विमानतळावर तो हक्क गुपचूप निकाली निघावा, याहून मोठी थट्टा कोणती?

आम्ही विमानतळाच्या वाढीच्या विरोधात नाही. विमाने वाढोत, उद्योग येवोत. पण जमीन जनतेची आहे आणि करार करणारे सरकारच आहे. म्हणून भूमिहीनांसह प्रकल्पबाधितांना आणि अनुसूचित जाती-जमातींना नोकऱ्यांत वाटा मिळालाच पाहिजे. आमच्या तरुण वकिलांनी माहितीच्या अधिकारात कराराची प्रत आणि भरतीचे आकडे मागावेत, कार्यकर्त्यांनी त्या गावांत जाऊन भूमिहीन कुटुंबांची यादी करावी. १४ एप्रिलला फलकाला हार घालायला आपण जाऊच, पण जाताना हातात ही यादीही असू द्या.