आईचा आवाज चढला

घर आवरताना माणसाच्या अंगात एक प्रकारचा शूरपणा संचारतो. दिवाळीच्या तोंडावर तर विशेषच. गेल्या वर्षी असाच शूर होऊन मी एक व्हिडिओ कॅसेट भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली. ताईच्या लग्नाची, १९९६ सालची. फितीला बुरशी आली होती, आणि तिच्यावरून एका दुकानदाराने डीव्हीडी करून दिलेली होती. मग ती अडगळ हवी कशाला?

डीव्हीडी मी अगदी सुरुवातीला तेवढी लावून पाहिली होती. पडद्यावर गणपती, मागे सनई. सनई वाजते आहे, त्या अर्थी सारे ठीक आहे, असे मी ठरवून टाकले.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळणे झाले, फराळ झाला आणि डीव्हीडी लावली. घाणा भरण्याचा प्रसंग आला. आईने मुसळ हाती घेण्यापूर्वीच ठोके ऐकू येऊ लागले. ती तोंड उघडते तो ओवी संपलेलीसुद्धा! आणि आवाज कसा? बारीक, चढा, गाडी चुकेल म्हणून घाईत असल्यासारखा. ताई हळूच म्हणाली, "ही आई नव्हे रे."

आईला जाऊन अकरा वर्षे झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. कॅसेट टाकून दिल्याचे सांगायचा मला धीर होईना.

भाचा तेवढा शांत होता. "मामा, फरक पहिल्यापासून सारखाच आहे, की वाढत जातोय?" आम्ही घड्याळ लावून बसलो. पहिल्या मिनिटाला आवाज पाच सेकंद पुढे. दहाव्या मिनिटाला पन्नासएक सेकंद.

"सारखा असता तर आवाज नुसता मागे सरकवला की भागलं असतं. हा वाढतोय. म्हणजे मोजणी चुकलीय."

मग त्याने जे सांगितले ते असे. संगणक आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन त्यांचे आकडे लिहून ठेवतो. गाण्याच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, डीव्हीडीच्या चित्रपटासाठी ४८,०००. दुकानदाराने आवाज पहिल्या मापाने भरला आणि चिठ्ठी मात्र दुसऱ्या मापाची लावली. यंत्र बिचारे चिठ्ठीप्रमाणे चालते. तीस दिवसांचा शिधा साडेसत्तावीस दिवसांत संपावा, तसा आवाज आधीच संपतो. आणि वेग वाढल्यामुळे पेटीवर सुमारे दीड पट्टी वर चढतो.

छंद शिकवताना मुलांना मात्रा मोजायला लावणारा मी; पण शब्द सगळे जागच्या जागी असून केवळ काळ चुकल्याने आई परकी होते, हे मला नवे होते.

"म्हणजे आवाज गेला?" मी विचारले.

"गेला कुठे? आकडे सगळे आहेत. चिठ्ठी बदलायची."

त्याने आवाज चित्रापासून वेगळा केला, ४४,१०० समजून वाचायला लावला, त्याचे रीतसर ४८,००० मध्ये रूपांतर केले आणि पुन्हा चित्राला जोडला. प्रथम पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर नमुना काढला. तो संगणकावर बोलला, पण टीव्हीखालच्या प्लेअरवर मुका! आवाज एमपी-थ्री पद्धतीने बांधला गेला होता, आणि डीव्हीडीच्या चित्राबरोबर प्लेअरला हवा एसी-थ्री किंवा पीसीएम. तेही बदलले.

वाचकहो, कॅसेटची डीव्हीडी करून घ्याल तेव्हा ती घरच्या प्लेअरवर आरंभी, मध्ये आणि अखेरीस लावून पाहा. चुकलेली मोजणी अखेरीसच उघडी पडते. आणि तोवर मूळ फीत पोत्यात टाकू नका. तिला बुरशी आलेली असली तरी.

नवी डीव्हीडी लावली. मुसळ पडले आणि त्याच क्षणी ठोका आला. मागोमाग आईचा तो ठाय, जरासा घोगरा आवाज.

आता मला धीर आला. म्हटले, "ताई, ती कॅसेट मी टाकून..."

"थांब जरा," ताई म्हणाली, "आई म्हणतेय."