आधी आईची बॅग भरा

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर महायुद्ध पेटलं होतं. विषय एकच, अलास्काला काय घालायचं?

माझी ताई सिएटलला असते. तिनं आई-बाबांसाठी सप्टेंबरातली सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केली होती. सिएटलहून निघायचं, जुनो, स्कॅग्वे, केचिकन अशी गावं करायची, ग्लेशिअर बेमध्ये डेकवरून हिमनदी बघायची आणि परत यायचं. बाबा बँकेतून रिटायर झालेले, आई शाळेतून. दोघांची ही पहिलीच परदेशवारी. पॅकिंगचं खातं माझ्याकडे आलं, कारण म्हणे 'तुला त्यातलं कळतं'.

मी काय केलं? सरळ रील्स उघडल्या. हिमनदीसमोर उभ्या बायका, लांब कोट, मोकळे केस. आईसाठी लगेच मोहरी रंगाचा लांब कोट मागवला. मागे निळा बर्फ आणि पुढे तो रंग, काय दिसेल! बाबांनी स्वतःच्या मनानं गादीएवढं जाड जॅकेट आणलं. त्या एकट्यानंच अर्धी बॅग खाल्ली. आणि आईनं कपाटातून एक शाल आणि एक जुना हाफ स्वेटर काढून ठेवला. म्हणाली, "माझं एवढ्यात भागतं गं. मी काय बाहेर थोडीच जाणारे? काचेतून दिसतंच की सगळं."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं.

मी आठवीत असताना आम्ही मनालीला गेलो होतो. सोलंगला बर्फात जायला बाबा, ताई आणि मी भाड्यानं कोट आणि गमबूट घेतले. आईनं घेतले नाहीत. 'उगाच चौघांचं भाडं कशाला?' साडी, शाल आणि सँडल घालून ती चहाच्या टपरीवर आमचे बूट आणि बॅगा सांभाळत बसली. त्या ट्रिपच्या फोटोंमध्ये बर्फातला तिचा एकही फोटो नाही. फोटोचं सोडा, तिनं बर्फाला हातसुद्धा लावला नाही. आणि खरं सांगते, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

म्हणून हा लेख. थंडीच्या ठिकाणी जाताना बॅगेत काय भरायचं, हा मला आता फॅशनचा प्रश्न वाटत नाही. बाहेर कोण उभं राहणार आणि आत कोण बसून राहणार, हे त्या बॅगेत ठरतं. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा आत कोण बसतं, हे वेगळं सांगायला नको.

कोट आल्यावर ताईनं व्हिडिओ कॉलवर त्याचं लेबल वाचायला लावलं. मग एकच प्रश्न विचारला, "पाऊस पडला तर?" मी गप्प.

तेव्हा कुठे मी रील्स बंद करून हवामान बघितलं. सप्टेंबरात जुनोमध्ये दिवसाचं तापमान साधारण १२-१३ अंश असतं. म्हणजे आपल्या पुण्यात डिसेंबरच्या पहाटे असतं तेवढंच. आकडा बघून घाबरण्यासारखं काही नाही. खरी गोम आहे पाऊस आणि वाऱ्यात. अलास्काचा हा दक्षिणेकडचा किनारा म्हणजे थंड प्रदेशातलं पर्जन्यवन. केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या साधारण दीडपट! आणि आम्ही, पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणारी माणसं, तिघांच्या मिळून बॅगेत एक रेनकोट टाकायला विसरलो होतो.

दुसरी गोष्ट वारा. जहाज चालू असताना डेकवर वारा असतोच. त्यात हिमनदीवरून थंड हवा खाली वाहत येते. थंड देशांत हवामान खातं वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान वेगळं सांगतं. त्या हिशेबानं पारा ५ अंशांवर आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर अंगाला उणे १ अंशासारखं वाटतं. अशा वाऱ्यात शाल धरायला दोन्ही हात लागतात. मग दुर्बीण कोण धरणार? छत्रीचं तर नावच नको.

आता बाबांच्या गादीचं. थंडीत ऊब जाडीची नसते, कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. जहाजाच्या आत हीटर चालू असतो. एकच जाड जॅकेट घातलं तर आत घाम फुटतो, काढलं तर बाहेर कुडकुडायला होतं. घामानं किंवा पावसानं कपडे ओले झाले की त्या अडकलेल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. सुती कपडा तर ओला झाला की लवकर वाळतही नाही. म्हणून अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं पातळ जॅकेट. गरम झालं की एक थर काढायचा, गार वाटलं की चढवायचा.

ही आयडिया काही आजची नाही. १९२४मध्ये एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरी या गिर्यारोहकाचा मृतदेह १९९९मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सुती आणि लोकर असे एकावर एक पातळ कपडे होते, आणि वर वारा अडवणारं गॅबर्डिन.

हे सगळं मी आईला मोठ्या थाटात समजावत होते. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, असं म्हटल्यावर ती हसली. "म्हणजे अण्णांची खोळ." माझे आजोबा भर पावसात शेतात घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन जायचे. आतून उबदार, आणि वरून पावसाचं बरंचसं पाणी ओघळून जाणार. मी इंटरनेटवर दोन दिवस जे शोधत होते, ते आईला लहानपणापासून माहीत होतं. तिला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

तिथून पुढे बॅग आईनं भरली. मोहरी कोट परत गेला. प्रत्येकी दोन थर्मल, कारण रात्री केबिनमध्ये धुऊन टाकलं की बहुतेक सकाळपर्यंत वाळतं. एक फ्लीस, एक वॉटरप्रूफ जॅकेट, वरून चढवायची पावसाळी पँट, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड, कान झाकणारी टोपी, हातमोजे आणि न घसरणारे वॉटरप्रूफ बूट. सगळं मिळून बाबांच्या त्या एका गादीपेक्षा कमी जागेत बसलं.

"एकदाच घालायचं, त्यासाठी एवढा खर्च?" हा प्रश्न आलाच. बरोबरच आहे. पण सगळं विकत कशाला घ्यायचं? जॅकेट माझ्या ट्रेकवाल्या मैत्रिणीकडून आलं, पावसाळी पँट तिच्या भावाची. पुण्या-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्यानंही मिळतं. पैसे फक्त दोनच गोष्टींवर घातले, थर्मल आणि बूट. कारण त्या ज्याच्या त्यालाच नीट बसाव्या लागतात. उसन्या बुटांनी अर्ध्या दिवसात पाय सोलून निघतात.

आणि साडी? यावर मी जरा जास्तच आगाऊपणा केला, हे कबूल करते. "तिथे साडी नको हं, आई." असं मी हुकूम सोडल्यासारखं म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "डेकवर पँट घालीन. वाऱ्यात निऱ्या कोण सांभाळणार? पण रात्री जेवायला साडीच." क्रूझवर एखाद्या रात्री नटूनथटून जेवायला जायची पद्धत असते, तेव्हा तिनं नारायणपेठ नेसली. आत थर्मल. तो निर्णय माझ्यापेक्षा शंभर पटीनं शहाणा होता. तिला गरज होती ती माहितीची, माझ्या परवानगीची नाही. आपण पोरं आई-बाबांना मॉडर्न करायच्या नादात पटकन त्यांचे स्टायलिस्ट होतो आणि आपल्या फीडला शोभेल असं त्यांना सजवतो. ट्रिप त्यांची असते, हे विसरूनच.

काही जण म्हणतील, अलास्का वगैरे आमच्या बजेटच्या बाहेरच्या गप्पा. मान्य. आमच्याही होत्या, ताई नसती तर. पण डिसेंबरात मनाली, औली, गुलमर्गचे प्लॅन्स तुमच्याही ग्रुपवर शिजत असतील. कुणी जर्मनी-कॅनडाला शिकायला निघालं असेल. नियम तिथेही हाच. आधी तिथला पाऊस आणि वारा बघा, मग तापमान, आणि रील्स सगळ्यात शेवटी. आणि घरच्यांसोबत जात असाल तर सगळ्यात आधी त्या माणसाची बॅग उघडा, जे म्हणतंय 'माझं भागतं'. त्याच्या बुटांचा तळवा उलटा करून बघा. त्याला एकदा विचारा, तुला बाहेर उभं राहायचंय का?

ग्लेशिअर बेच्या दिवशी बारीक पाऊस होता. ताईनं व्हिडिओ पाठवला. समोर हिमनदी, कडेला निळा बर्फ, आणि रेलिंगला धरून निळ्या जॅकेटातली, टोपी कानाखाली ओढलेली आई. पाठमोरी. रंगसंगती अगदीच फसलेली, निळ्यावर निळं. मागून बाबा हाक मारतायत, "अगं, चल आत, चहा घेऊ." आई मागे वळतसुद्धा नाही. म्हणते, "तुम्ही व्हा पुढे. मी थांबते जरा."

ती किती वेळ थांबली, ते मी नंतर ताईला विचारलं. म्हणाली, बर्फ मागे पडून दिसेनासा होईपर्यंत.