संगणकाला अंघोळ!

मुलांनो, २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात बुडालेला संगणक भंगारातच द्यायचा का? थांबा!

शुद्ध पाण्यातून वीज फारच थोडी वाहते. पुराच्या पाण्यात मात्र क्षार, चिखल, गटाराची घाण, सगळेच! त्यातून वीज भलतीकडे धावते, नाजूक भाग जळतात, तांब्याच्या बारीक रेघा झिजतात. म्हणून बंद असताना भिजलेला संगणक पुष्कळदा वाचतो. पण 'चालतोय का बघू' म्हणत कुणी बटण दाबले, की संपलेच!

जाणकार माणूस आधी मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढतो. प्लग काढला तरी तो वीज देतच असतो ना! मग मदरबोर्ड नि रॅम स्वच्छ पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुतो. "बाई, कॉम्प्युटरला अंघोळ?" असे वर्गात हमखास विचारतात. हो, अंघोळच! कारण मागे राहिलेले क्षार धातू खातात. नंतर पंख्याखाली चांगले चार-पाच दिवस वाळवायचे.

पॉवर सप्लायच्या डब्याला मात्र तुम्ही हातही लावू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तो डबा सरळ नवा घ्यावा.

आणि हार्डडिस्क? घरातले फोटो, दुकानाचे हिशेब तिच्यातच. बहुतेक हार्डडिस्कना हवेसाठी बारीक भोक असते, त्यातून गाळ आत शिरतो. तो वाळून चिकटला की माहिती परत मिळणे अवघड. म्हणून ती वाळवू नका, उघडू तर मुळीच नका. ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आईबाबांना सांगा, हे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे लगेच पोचवा.