थरार आणि भय

थरारपट आणि भयपट यांना आपण सर्रास एकाच मापाने मोजतो. वर्गात हा विषय निघाला की आम्ही भरतमुनींकडे वळतो. नाट्यशास्त्रात भय हा स्थायीभाव आहे. औत्सुक्य मात्र ३३ व्यभिचारी भावांपैकी एक. दोन्ही प्रकारांचे संकेत याच भेदातून उलगडतात, असे आम्हांस वाटते.

कमाल अमरोहींच्या 'महल'मध्ये (१९४९) ओसाड वाडा, रात्र, दुरून येणारे गाणे अशी भुताटकीची सारी सामग्री आहे. पण ती कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी, हे कळताच भूत संपते, माणूस उरतो. म्हणून भयाचा साज असूनही 'महल' थरारपटाच्याच कुळातला.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) उलट घडते. हस्तरला पिठाच्या बाहुलीने कसे चकवायचे, हे विनायकला पुरते ठाऊक असते. तेच ज्ञान त्याला पुनःपुन्हा विहिरीतून देवीच्या गर्भात उतरवते.

थरारपटात कळणे म्हणजे सुटणे. भयपटात कळूनही सुटका नसते. म्हणूनच 'शेवटी नीट खुलासा होत नाही' हा भयपटावरचा नेहमीचा आक्षेप आम्हांस गैरलागू वाटतो.