ताण किती द्यायचा?

डिसेंबरात आमच्या मोर्शीच्या शिवारात संत्र्याची झाडं ताणावर असतात. आंबिया बहार हवा तर पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि वेळ साधून पाणी सोडायचं. ताण नीट बसला तर झाड फुलानं लदतं. लांबला तर शेंडे वाळतात, मग उन्हाळाभर सल काढत बसा.

2025 च्या डिसेंबरात बागा अशा ताणावर असतानाच नगर परिषदेची निवडणूक आली. नात पहिल्यांदा मतदानाला निघाली. रस्त्यात तिनं विचारलं, ''आबा, नगराध्यक्ष आपण निवडतो? मले वाटे, गाव सीओच चालवते.''

मी निवृत्त शिक्षक. चिखलदऱ्याच्या घाटातून मतपेट्या नेलेला माणूस. तरी मला तिला हसता आलं नाही. आधीची निवडणूक 2016 ची. तेव्हा ती चौथीत होती. तिला कळायला लागल्यापासून इथं निवडून आलेल्यांपेक्षा प्रशासकाचंच, म्हणजे त्या सीओचं, मुख्याधिकाऱ्याचं राज्य जास्त ठळक. मग तिला दुसरं काय वाटणार?

74 वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते : नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक. जिल्हा परिषदेलाही घटनेत तोच नियम. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी शिकवलं, तिची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. 2025 सरलं तरी नवे सदस्य आले नव्हते. कारणं खोटी नव्हती. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या लावल्या. पुढं ओबीसींच्या आकडेवारीसाठी बांठिया आयोग, प्रभागरचनेचे वाद, तारखांवर तारखा. आरक्षण हा लोकशाहीचाच प्रश्न आहे, तो सोडवायलाच हवा होता. पण त्याच काळात, 2024 मध्ये, लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळेवर झाल्या. मुंबई-दिल्लीच्या खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत, गल्लीतली राहते. अखेर 6 मे 2025 ला न्यायालयानंच निवडणुका घ्या म्हणून बजावलं.

जगात लोकशाही मागं हटतेय, असं आपण वाचतो आणि डोळ्यांपुढं रणगाडे आणतो. पण ती गावपातळीवरही मागं हटते. ट्युनिशिया बघा. तिथंही संत्र्याच्या बागा आहेत. 2011 च्या क्रांतीनंतर मे 2018 मध्ये तिथं पहिल्यांदा मोकळ्या वातावरणात नगरपालिकांची निवडणूक झाली. जुलै 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली आणि मार्च 2023 मध्ये नगरपालिकाही बरखास्त केल्या. आपलं तसं झालेलं नाही. आपल्याकडं न्यायालयानं पाणी सोडायला लावलं. पण गावपातळीवरची खुर्ची रिकामी ठेवायची सवय लोकांना लागू शकते, हे दोन्हीकडं सारखंच.

ती सवय मी चहाच्या टपरीवर ऐकली. ''प्रशासक बरा बाप्पा, भांडण नाही, टक्केवारी नाही.'' माणूस चांगला असेलही. पण बदली झाली की तो जातो, आणि मत मागायला पुन्हा कधी येत नाही. नगरसेवक कसाही असो, त्याचं घर गल्लीतच असतं. नाली तुंबली तर म्हातारी त्याला लग्नाच्या पंगतीत गाठते. जवळच्याच मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गावाचा कारभार गावानंच चालवावा म्हणून ग्रामगीता लिहिली. ती आम्ही भक्तीनं वाचतो आणि निवडणूक चार वर्षं लांबली तरी एक मोर्चा काढत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या निवडणुकीसाठी प्रभाग, आरक्षण, याद्या हे सगळं मुदत संपायच्या वर्षभर आधी पूर्ण करा. कोर्टात जायचं त्यानं तेव्हाच जावं.

बागेच्या वहीत मी पाणी तोडल्याची तारीख लिहितो, सोडायचीही. मतदान करून आल्यावर ती वही नातीपुढं ठेवली. तिनं शेवटच्या पानावर लिहिलं : डिसेंबर 2030. आणि खाली स्वतःचं नाव.