दाराची दिशा विचारता, खांबाचं काय?

आपला शिकलेला, नोकरीतला माणूस फ्लॅट बघायला गेला की पहिला प्रश्न काय विचारतो? दरवाजा पूर्वेला आहे का! हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लागणार, बुद्धमूर्ती बसणार, आणि घर निवडणार कोण, तर वास्तुशास्त्रवाला. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्यांना दाराबाहेर काढलं, ते 'ईशान्य कोपरा' बनून खिडकीतून परत आलेत. हे कुणाला झोंबलं तरी आम्ही बोलणार.

महाड म्हटलं की आपल्याला चवदार तळं आठवतं. त्याच महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. ती काही जुनीपुराणी चाळ नव्हती, जेमतेम दहा वर्षांचं बांधकाम. त्याआधी २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ बळी. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. स्लॅब खाली येताना कुणाच्या दाराची दिशा बघत नाही. उलट 'दोष' काढायला घरातल्या भिंती फोडणारे आपल्यातच आहेत. ती भिंत भार पेलते का, हे इंजिनीअरला विचारायचं त्यांना सुचत नाही.

तेव्हा सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स सोडा, आधी पार्किंगमध्ये उतरा. खांब आणि बीम मिळतात तिथे तिरकी भेग आहे का? गंजलेली सळई उघडी पडली आहे का? काँक्रीटमध्ये खडी सुटी, पोकळ दिसते का? (प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगेला एवढं घाबरायचं कारण नाही.) काम चालू असेल तर क्यूब टेस्टचे २८ दिवसांचे अहवाल मागा. जुनी इमारत असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. रेरा कायद्याचं कलम १४(३) पाठ करा: ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. बँकेने कर्ज दिलं म्हणजे इमारत मजबूत, हा भ्रमही सोडा.

आणि आपल्या वस्तीत सेंट्रिंगचं, सळई बांधायचं काम करणारे कितीतरी आहेत. त्यातल्या एकाला त्याची दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. मग वास्तुवाल्याला दिले असते त्या पैशांत स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.