विकीचे पान म्हणजे नुसती फाइल नव्हे



गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका हुशार पोराने एका झटक्यात चाळीसएक साक्षींमधला एक शब्द बदलला. हेतू चांगला होता. पण तीन आठवडे कुणाच्या ते लक्षातही आले नाही, आणि ज्या सोयीमुळे हे घडले ती सोय मीच मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दिली होती. म्हणून हा लेख.

आधी पार्श्वभूमी. नामांतर आंदोलनात ज्यांनी घरे जळताना पाहिली, लाठ्या खाल्ल्या, गाव सोडले, अशा म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी आम्ही नोंदवत आहोत. त्या विकिपीडियावर टाकता येत नाहीत. तिथे आधी कुठेतरी छापून आलेला संदर्भ लागतो, आणि आमच्या आजीचे बोलणे कुणी छापलेले नाही. मग जुन्या संगणकावर मीडियाविकी बसवले. विकिपीडिया ज्यावर चालतो तेच हे सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्त. एका साक्षीला एक पान.

अडचण टंकलेखनाची होती. ब्राउझरच्या चौकटीत तासभर लिहायचे आणि जतन करताना नेट गेले की लिहिलेले सगळे वाया. तेव्हा संगणक शिकलेल्या एका सहकाऱ्याने जुनी युक्ती सांगितली. लिनक्समध्ये 'फ्यूज' नावाची सोय आहे, 2005 पासून ती कर्नेलमध्येच येते. तिच्या आधाराने कुठल्याही गोष्टीला फोल्डरचे रूप देता येते. 'विकिपीडियाएफएस' नावाच्या प्रकल्पाने हेच विकीसाठी करून दाखवले होते: पेनड्राइव्ह लावल्यावर फोल्डर दिसावा तसा विकी संगणकावर माउंट होतो, लेख फाइलसारखे दिसतात. फाइल उघडली की मागच्या मागे सर्व्हरवरून मजकूर येतो, जतन केली की तो सर्व्हरवर जातो. मधे ब्राउझर नाही, आपला नेहमीचा टेक्स्ट एडिटर वापरायचा. तो प्रकल्प आता जुना झाला, म्हणून सहकाऱ्याने त्याच कल्पनेवर आमच्यापुरते छोटे अवजार लिहिले. नेट गेले तरी मजकूर एडिटरमध्ये शाबूत राहतो. पोरे खूश झाली. मीही झालो.

या सोयीत एक खोट आहे, ती मला तेव्हा दिसली नाही. फाइल उघडली की फक्त आत्ताचा मजकूर दिसतो. तो काल काय होता, कुणी बदलला, का बदलला, त्यावर वाद झाला का, यातले काहीच दिसत नाही. ब्राउझरमध्ये लेखाच्या डोक्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास' हे टॅब असतात, जतन करण्याआधी बदलाचा सारांश लिहायला चौकट असते. फाइलला डोके नसते. कंट्रोल-एस दाबले की झाले. शिवाय फोल्डर म्हटला की माणसाला तो आपला खासगी वाटतो. कपाटातली वही काढावी आणि खोडावे, तसे.

आमच्या त्या पोराने एडिटरमधून पूर्ण फोल्डरभर शोध घेतला आणि 'हरिजन' हा शब्द जिथे सापडला तिथे 'बौद्ध' करून टाकला. त्याचे म्हणणे साधे होते. हा शब्द आपण नाकारला आहे, बाबासाहेबांनी नाकारला आहे, मग आपल्याच विकीवर तो कशाला हवा? ऐकायला बिनतोड. मीदेखील भाषणात हेच बोललो असतो.

पण साक्षीत तो शब्द आमचा नव्हता. 1978 सालचा गावचा कारभारी तो वापरत होता. एका आजींच्या नातीने त्यांना त्यांचीच साक्ष वाचून दाखवली, तेव्हा आजी मधेच थांबवून म्हणाल्या, "आगं, त्यानं तोंडानं बौद्ध म्हणलं असतं तर भांडण कशाचं होतं?" 1956 ला दीक्षा घेतलेल्या माणसांना 22 वर्षांनंतरही गाव त्यांच्या नव्या नावाने हाक मारायला तयार नव्हते, हीच तर त्या साक्षीतली मुख्य गोष्ट. आम्ही ती एका शोधा-बदलाने पुसून टाकली आणि नकळत त्या कारभाऱ्याला सभ्य करून सोडले. विद्यापीठाच्या नावासाठी 14 जानेवारी 1994 पर्यंत ज्यांनी वाट पाहिली, त्या लोकांच्या साक्षीत आम्हीच नाव बदलत बसलो होतो.

विकी होता म्हणून वाचलो. मीडियाविकी प्रत्येक जतनाची आवृत्ती ठेवते, त्यामुळे जुना मजकूर परत आणता आला. पण इतिहास उघडला तेव्हा लाज वाटली: चाळीसएक बदल, काही मिनिटांच्या अंतराने, सगळ्यांचा सारांश कोरा. दहा वर्षांनी कुणी संशोधक हे पाहील तर काय समजेल? यांनी पुरावा फिरवला, असेच ना? कारण न लिहिता केलेली दुरुस्ती आणि फेरफार बाहेरून सारखेच दिसतात.

इथे काही कार्यकर्ते म्हणतील, तंत्रज्ञान हे निव्वळ हत्यार आहे, दोष वापरणाऱ्याचा. मला हे पटत नाही. हत्यार कसे घडवले आहे यावर माणूस काय विसरतो हे ठरते. 'प्लॅन 9' नावाच्या कार्यप्रणालीतही विकी फाइलप्रणालीसारखा माउंट होतो, त्याला 'विकीएफएस' म्हणतात. तिथे एका पानाला एक फाइल नाही, एक अख्खी डिरेक्टरी आहे. तिच्यात आत्ताची प्रत, जुन्या आवृत्त्या आणि दोहोंतला फरकही सापडतो. नवा मजकूर देताना तो कोणत्या आवृत्तीवर बेतला आहे हे सांगावे लागते. दरम्यान दुसऱ्या कुणी बदल केला असेल तर तुमचे लिखाण नाकारले जाते. म्हणजे फोल्डरमध्ये इतिहास मावत नाही असे नाही. आम्ही तो ठेवला नाही, एवढेच.

आपल्याला ही गोष्ट तर अधिक कळायला हवी. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे हिशोब ठेवला होता: मसुद्याला 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मांडणाऱ्याचे नाव, त्याचे कारण, त्याला मिळालेले उत्तर, सगळे छापील चर्चांमध्ये आहे. आज एखाद्या कलमावर वाद झाला की आपण त्या चर्चा उघडतो आणि दाखवतो की हा शब्द का आला. नुसते अंतिम संविधान हातात असते आणि चर्चा कुणी फेकून दिल्या असत्या, तर आपल्या विरोधकांचे किती फावले असते याचा विचार करा.

विकिपीडियाबद्दलही दोन शब्द, कारण तुमच्यातले बरेच जण तिथे लिहितात. बाबासाहेबांवरचे, बौद्ध धम्मावरचे, अत्याचारांच्या प्रकरणांवरचे लेख कुणीतरी विकृत करून ठेवतो आणि आपला संताप होतो. मग वाटते, असे अवजार वापरून पन्नास लेख एका रात्रीत दुरुस्त करू. करू नका. पटापट, कारण न देता केलेले बदल तिथल्या जाणत्या संपादकाला यंत्राने केलेले वाटतात, ते उलटवले जातात आणि खात्यावर बंदीही येऊ शकते. आपली बाजू खरी असूनही इतिहासात आपणच धुडगूस घालणारे दिसतो. त्यापेक्षा चर्चापानावर ग्रंथाचे नाव, खंड, पान देऊन चार ओळी लिहा. काम रटाळ आहे, मान्य. पण चार ओळींचा तो युक्तिवाद तिथे टिकतो, आणि पुढच्या भांडणात तुमच्या जागी दुसरा कुणी तो पुढे करू शकतो.

मग अवजार फेकून द्यायचे का? मुळीच नाही. गावांच्या नावांचे शुद्धलेखन, तारखांची मांडणी, सूचीची पाने, अशा कामाला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. ज्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आणि लहरी नेट आहे, त्यांना तर ते वरदानच. अडलेल्या माणसाला सोय नाकारून शिस्त शिकवण्याची पद्धत आपण पुष्कळ सोसली आहे.

आता आम्ही असे केले आहे. साक्षींची पाने फोल्डरमध्ये दिसतात पण फक्त वाचायला. तिथून जतन करायला गेले की नकार येतो. साक्षीत बदल हवा असेल तर ब्राउझरमध्ये जायचे, आधी चर्चापानावर लिहायचे आणि साक्ष देणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचे. बाकीच्या पानांसाठी सहकाऱ्याने अट घातली: फाइलच्या पहिल्या ओळीत बदलाचे कारण लिहिले नसेल तर मजकूर सर्व्हरवर जात नाही. पहिल्या दिवशी पोरांनी कारण म्हणून 'असंच' लिहिले. त्यावर बरीच चेष्टा झाली, मग हळूहळू नीट लिहू लागली.

ते कोरे चाळीस बदल इतिहासातून कायमचे काढून टाकावेत असा एक प्रस्ताव आला होता. बैठकीत तो पडला. ज्या पोराने बदल केला होता त्याने प्रत्येक साक्षीच्या चर्चापानावर स्वतःच्या सहीने लिहिले की हा शब्द मी बदलला होता, का बदलला होता, आणि आजी काय म्हणाल्या. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. या वेळी त्याने प्रत्येक पान ब्राउझरमध्ये उघडले.